गादीवरचा हिंदकेसरी

पैलवान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा त्याचं आकारमान येतं. मोडलेले कान, रुंद मान, फेट्याचा तुरा आणि खांद्यावर गदा. त्यातही जो सगळ्यांत वजनदार, तो सगळ्यांत मोठा, असा आपला साधा हिशेब असतो. जत्रेत शेवटची कुस्ती त्याचीच लागते आणि त्याच कुस्तीसाठी लोक उन्हातान्हात बसून राहतात. वेटलिफ्टिंग काय किंवा कुस्ती काय, जुन्या काळी सगळ्यांत वरच्या गटाला वजनाची खालची हद्द असायची, वरची नसायची. म्हणजे अमुक किलोच्या पुढं कितीही. आज मी अशाच एका बिनहद्दीच्या गटातल्या महाराष्ट्राच्या पैलवानाबद्दल बोलणार आहे. त्यांचं नाव हिंदकेसरी गणपतराव आंदळकर.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडचा. बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे, म्हणजे जुन्या औरंगाबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. इथं विदर्भ संपतो आणि थोडं पुढं गेलं की मराठवाडा लागतो. कोल्हापूर आमच्यापासून फार लांब. तिकडं ज्याला कुस्त्यांचं मैदान म्हणतात त्याला आमच्याकडं दंगल म्हणतात. नारळावरची, रेवड्यांवरची कुस्ती लहान पोरांची. मग दहा रुपयांची, पन्नासाची असं चढत चढत शेवटी इनामाची मोठी कुस्ती. हलगी तीच आणि अंगाला लावायची मातीही तीच. फरक इतकाच, की कोल्हापूरला राजाश्रय होता आणि आमच्याकडं गावकऱ्यांची वर्गणी. तरीही माझ्या लहानपणी गावातल्या जुन्या पैलवानांच्या तोंडी आंदळकरांचं नाव घरच्या माणसासारखं यायचं. ‘हिंदकेसरी आंदळकर’ असं पूर्ण नाव घेतलं जायचं. पुढं वाचन वाढलं, जुनी वर्तमानपत्रं चाळली, तेव्हा लक्षात आलं की त्या माणसाचा अर्धाच पराक्रम आमच्यापर्यंत पोहोचला होता. उरलेला अर्धा कुणी सांगतच नव्हतं. या भाषणाचा विषय खरं म्हणजे तो अर्धा भाग आहे.

आंदळकरांचा जन्म १५ एप्रिल १९३५ चा. गाव पुनवत. आजच्या सांगली जिल्ह्यातला शिराळा तालुका, नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेला बत्तीस शिराळ्याचा मुलूख. शेतकरी वस्तीत अंगापिंडानं थोराड पोरगा दिसला की गावातली चार माणसं म्हणायचीच, ‘ह्याला तालमीत घाला.’ १९५० च्या सुमारास हा मुलगा कोल्हापूरला आला आणि मोतीबाग तालमीत दाखल झाला.

कोल्हापूरच का, हे समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं. राजर्षी शाहू महाराजांची कारकीर्द १८९४ ते १९२२. या काळात कोल्हापुरात पेठापेठांतून तालमी उभ्या राहिल्या, पंजाबातून नामांकित मल्ल आले, इथले तयार झाले. १९०२ साली महाराज विलायतेला गेले होते. त्या प्रवासात रोमचा प्राचीन आखाडा त्यांनी पाहिला, आणि त्याच धर्तीवर खासबाग मैदान बांधलं. १९१२ मध्ये ते पूर्ण झालं. मधे खोल हौदा आणि भोवती वर चढत गेलेली बैठक. कुठंही बसा, कुस्ती दिसते. एका राजानं केलेली ही गुंतवणूक पुढं तीनचार पिढ्यांना पुरली. आंदळकर हे त्याच गुंतवणुकीचं फळ.

तालमीतलं आयुष्य कसं असतं हे शहरी वाचकांना सांगायला हवं. पहाटे उठायचं. हौद्यातली लाल माती फावड्यानं खालीवर करायची. या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असं काय काय मुरवलेलं असतं, म्हणजे ती मऊ राहते आणि खरचटलं तरी जखम चिघळत नाही. मग जोर, बैठका, सपाट्या, मुद्गल, आणि त्यानंतर लढती. दुपारी खुराक आणि झोप. संध्याकाळी पुन्हा तेच. खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई. वजनदार गटातल्या मल्लाचा खुराक एका कुटुंबाला परवडणारा नसतो. म्हणून अशा माणसामागं संस्थान तरी लागतं, नाहीतर अख्खं गाव. स्वातंत्र्यानंतर संस्थानं गेली. मग जत्रेतल्या इनामावर, मैदानातल्या बिदागीवर पैलवानांची गुजराण सुरू झाली. मातीतली मोठी कुस्ती हरणं म्हणजे नुसती अब्रू जाणं नव्हे, पुढच्या सहा महिन्यांचं दूध जाणं.

हिंदकेसरी हा किताब याच काळातला. त्याआधी ‘रुस्तम-ए-हिंद’ वगैरे किताबांचा दबदबा होता आणि त्यावर पंजाबची छाप होती. थोरल्या गामांनी १९१० साली लंडन गाजवलं, १९२८ साली पतियाळात झिबिस्कोला काही क्षणांत आस्मान दाखवलं. फाळणीनंतर गामा आणि त्यांचं घराणं पाकिस्तानात राहिलं. देशाचा सर्वांत मोठा मल्ल कोण, ही जागा रिकामी झाली. १९५९ साली दिल्लीत हिंदकेसरीची गदा श्रीपती खंचनाळे यांनी पंजाबच्या बंतासिंगला हरवून मिळवली. खंचनाळे बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचे, पण तयार झाले कोल्हापुरात. पुढच्याच वर्षी, १९६० साली, पंजाबच्या खडकसिंगवर मात करून आंदळकर हिंदकेसरी झाले. वय पंचवीस. त्याच वर्षी मे महिन्यात लाहोरला गामांचं निधन झालं. एक पर्व मिटलं आणि दुसऱ्या पर्वाची गदा लागोपाठ दुसऱ्यांदा कोल्हापूरच्या तालमीत आली.

आमच्या गावापर्यंत पोहोचलेली गोष्ट इथं संपायची. हिंदकेसरी झाले, जिंकले, संपलं. पण आंदळकरांच्या कारकिर्दीतलं सगळ्यांत अवघड काम याच्यानंतरचं आहे.

मातीतली कुस्ती आणि गादीवरची, म्हणजे मॅटवरची कुस्ती हे एकाच नावाचे दोन वेगळे खेळ आहेत. मातीत पाय थोडा रुततो, हालचाल सावकाश होते, वजनदार मल्लाला अंग टाकून समोरच्याला दमवता येतं. जुन्या मैदानांत वेळेचं बंधन नसायचं. तासतासभर कुस्ती चालायची आणि निकाल एकच, चितपट. पाठ लागली की संपलं. गादीवर घड्याळ असतं, गुण असतात, गोल रिंगण असतं. पाय घसरत नाही, रुतत नाही, म्हणून समोरचा विजेसारखा आत शिरतो. पाठ न लावताही कुस्ती हरता येते, ही गोष्टच आपल्या मल्लांना पटायची नाही. खाशाबा जाधवांसारखा कसलेला मल्ल १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेला, तेव्हा गादीची सवय नसल्याची अडचण त्यालाही झाली. तरी सहावा क्रमांक आला, आणि चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक. पण खाशाबा वजनानं हलके, बँटमवेट गटातले. चपळाई हेच त्यांचं भांडवल. शंभर किलोच्या आसपासच्या माणसानं गादीवर जाऊन नव्यानं पाय टाकायला शिकणं, ही वेगळीच परीक्षा.

शिवाय गादीवरचे दोन प्रकार. एक फ्रीस्टाईल, तो आपल्या कुस्तीला जवळचा. दुसरा ग्रीको-रोमन. त्यात कमरेखाली हात लावायचा नाही आणि पायाचा वापर डावासाठी करायचा नाही. आता आपल्या तालमीतलं शिक्षण आठवा. एकेरी पट, दुहेरी पट, टांग, लंगी. निम्मी विद्या पायांची. ग्रीको-रोमनमध्ये ती सगळी बाहेर ठेवून आत जायचं. हाती उरतात ते बगलडूब, धोबीपछाड यांच्यासारखे छातीच्या आणि खांद्याच्या बळावरचे मोजके डाव. सुताराला रंधा काढून घेऊन नुसत्या करवतीवर खुर्ची करायला सांगावं, तसलाच हा प्रकार.

विचार करा, हिंदकेसरी झालेल्या माणसाला या भानगडीत पडायचं काय कारण होतं? मैदानं त्याच्या नावावर भरत होती. मातीत हरवणारा मल्ल सहजी सापडत नव्हता. गादीवर परदेशात पडला असता तर इथल्या मैदानातला भावही उतरला असता. आणि जिंकला असता तर मिळणार काय, एक पदक. तेव्हाच्या हौशी खेळाडूंच्या स्पर्धेत पैसा नव्हता. मातीत इनाम होतं. तरीही आंदळकर गेले.

१९६२ सालचे आशियाई खेळ इंडोनेशियात जाकार्ता इथं झाले. २४ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर. ते खेळ भारतासाठी सुखाचे नव्हते. यजमानांनी इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नाही. भारताचे क्रीडा संघटक गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर उघड आक्षेप घेतला आणि सगळ्या शहराचा राग भारतीय पथकावर निघाला. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात तर भरलेलं स्टेडियम आपल्या संघाची हुर्यो उडवत होतं. तो सामना आपण दक्षिण कोरियाविरुद्ध २-१ असा जिंकला आणि आजही त्याच्या आठवणी निघतात. मिल्खासिंगांचं ४०० मीटरचं सुवर्णही आठवतं. कुस्ती मात्र आपण विसरलो.

या खेळांत कुस्तीत भारतानं तीन सुवर्णपदकं मिळवली. फ्लायवेट फ्रीस्टाईलमध्ये मालवा. ९७ किलो फ्रीस्टाईलमध्ये मारुती माने. आणि ९७ किलोच्या वरच्या, बिनहद्दीच्या गटात, ग्रीको-रोमन प्रकारात गणपत आंदळकर. शिवाय त्याच वजनात फ्रीस्टाईलचं रौप्यपदकही आंदळकरांना. मानेंनीही उलट बाजूनं तीच कामगिरी केली, फ्रीस्टाईलचं सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचं रौप्य. मारुती माने कवठेपिरानचे, म्हणजे तेही सांगली जिल्ह्यातले. सगळ्या देशानं जाकार्तात मिळवलेली सुवर्णपदकं दहा. त्यातली दोन एका जिल्ह्यातल्या दोन खेड्यांत आली. आजच्या काळात असं झालं असतं तर त्या दोन खेड्यांचे रस्ते आठवडाभर वाहिन्यांच्या गाड्यांनी अडले असते.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आशियाई खेळांत कुस्ती १९५४ पासून आहे, पण ग्रीको-रोमन प्रकार पहिल्यांदा आला तो याच १९६२ साली. म्हणजे या प्रकारातला आशियाचा पहिला हेवीवेट विजेता आपल्या शिराळा तालुक्यातला. आणि त्यानंतर? चंदगीराम, कर्तारसिंग, सतपाल, योगेश्वर दत्त, बजरंग पुनिया, विनेश फोगाट, या सगळ्यांनी आशियाई सुवर्णपदकं आणली, ती फ्रीस्टाईलमध्ये. ग्रीको-रोमनमध्ये २०२३ साली हांगझोऊला झालेल्या खेळांपर्यंत भारताला दुसरं सुवर्णपदक मिळालेलं नाही. साठ वर्षं उलटून गेली, पदक एकच. तेही अशा माणसाचं, ज्याची सगळी घडण मातीत झाली होती.

हे कसं घडलं असेल, याचा मी माझ्यापुरता विचार केला आहे. आमच्या गल्लीत एक म्हातारे पैलवान होते. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. ते म्हणायचे, ‘मातीत धरलेला हात गादीवर सुटत नाही.’ मला आधी ही नुसती बढाई वाटायची. पण त्यात काही तथ्य असावं. पाय रुतणाऱ्या मातीत वर्षानुवर्षं भारी जोडीदाराला उचलायचं, ओढायचं, मानेनं दाबायचं, यातून खांदे, पाठ आणि पकड यांची जी ताकद येते, ती ग्रीको-रोमनमध्ये थेट उपयोगी पडते. चपळाईची उणीव तिथं पायांनी आत शिरणाऱ्याला जेवढी नडते, तेवढी छातीला छाती लावून लढणाऱ्याला नडत नाही. म्हणजे आंदळकरांनी माती टाकली नाही, मातीनं दिलेलं गादीवर कुठं चालेल हे ओळखलं. पण हे नुसतं बळानं होत नाही. त्यासाठी हिंदकेसरीनं पुन्हा विद्यार्थी व्हावं लागतं.

दोन वर्षांनी, १९६४ साली, टोकियोचं ऑलिंपिक आलं. त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. टोकियोत आंदळकर भारताकडून हेवीवेट गटात उतरले. तिथं पदक मिळालं नाही, आणि त्यात आश्चर्य वाटावं असं काही नाही. त्या गटात तेव्हा जगातले डोंगर जमले होते. ग्रीको-रोमनचं सुवर्ण हंगेरीच्या इस्तवान कोझमानं घेतलं, रौप्य सोव्हिएत संघाच्या अनातोली रोश्चिननं आणि कांस्य जर्मनीच्या विल्फ्रीड डीट्रिखनं. फ्रीस्टाईलचं सुवर्ण सोव्हिएत संघाच्या अलेक्सांदर इवानित्स्कीला. ही माणसं लहानपणापासून गादीवरच वाढलेली, वर्षभर सरकारी खर्चानं सराव करणारी, एकमेकांशी सतत लढणारी. आपला मल्ल मातीच्या मैदानांतून मिळवलेल्या खुराकावर उभा. आशियात ताकदीच्या जोरावर अंतर भरून निघालं, जगात नाही निघालं. हे अंतर आंदळकरांचं एकट्याचं नव्हतं. गादीची सोय नसलेल्या सगळ्या मुलखाचं होतं.

खेळाडू थांबतो तेव्हा त्याची खरी किंमत कळते. आंदळकर मोतीबाग तालमीतच राहिले, वस्ताद म्हणून. त्यांच्या हाताखाली पुढच्या पिढ्या घडल्या. त्यातलं ठळक नाव दादू चौगुले. १९७० आणि १९७१ साली महाराष्ट्र केसरी, पुढं रुस्तम-ए-हिंद, आणि १९७४ साली न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला झालेल्या राष्ट्रकुल खेळांत हेवीवेट गटाचं रौप्यपदक. गुरूला वजनदार गटात गादीवर आशियाचं पदक, शिष्याला त्याच गटात गादीवर राष्ट्रकुलाचं. ही परंपरा मातीच्या तालमीत चालली, हे लक्षात घ्या. १९८२ साली राज्य सरकारनं आंदळकरांना शिवछत्रपती पुरस्कार दिला. १६ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात वयाच्या ८३ व्या वर्षी ते गेले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत मथळे होते, हिंदकेसरी आंदळकर यांचं निधन. जाकार्ता बहुतेक ठिकाणी आतल्या ओळींत होतं.

गदेचं वैभव मला कमी लेखायचं नाही. गदा दिसते, मिरवता येते, गावाला ती आपली वाटते. पण नावामागं कोणतं बिरूद लावायचं हे आपण ठरवतो, आणि त्यावरून पुढची पोरं काय व्हायचं ते ठरवतात. आमच्या भागातल्या पोराला हिंदकेसरी माहीत होता, महाराष्ट्र केसरी माहीत होता. त्याच माणसानं आशियाई सुवर्णपदक आणलं होतं, तेही पाय न लावता, हे माहीत नव्हतं. म्हणून गावात तालीम मागितली गेली, गादी कुणी मागितली नाही. वर्गणी जत्रेतल्या इनामाला जमली, मॅटला जमली नाही. पोरगं वीस-बावीस वर्षांचं होऊन पहिल्यांदा मॅटवर उभं राहायचं आणि पहिल्या मिनिटात गुणांवर मागं पडायचं. मग म्हणायचं, ‘ही कुस्तीच नव्हं.’

विदर्भाला व्यायामाची परंपरा नाही असं नव्हे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकानं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. म्हणजे जग बघण्याची नजर इथं कोल्हापूरइतकीच जुनी आहे. खेड्यापर्यंत ती झिरपायला वेळ लागला. आता चित्र बदलतं आहे. महाराष्ट्र केसरीला माती आणि मॅट असे दोन्ही विभाग असतात, दोन्हींकडचे विजेते शेवटी समोरासमोर येतात. आमच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातला विजय चौधरी लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी झाला. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल खेळांत ५७ किलो गटात सुवर्णपदक आणलं. म्हणजे कृष्णा-वारणेच्या बाहेरही माणूस तयार होतो, सोय मिळाली तर.

तो बिनहद्दीचा गटही आता उरलेला नाही. १९८५ पासून हेवीवेटला १३० किलोची वरची हद्द आली, आणि फ्रीस्टाईलमध्ये ती आता १२५ किलो आहे. नुसतं वजन वाढवून मोठं होण्याचा रस्ता नियमानंच बंद केला. आंदळकरांना मात्र कुठल्या नियमानं अडवलेलं नव्हतं. वजन होतं, किताब होता, मैदानं होती. तेवढ्यावर आयुष्य सुखात गेलं असतं. पंचविशीत सगळं मिळाल्यावर सत्ताविशीत त्यांनी ज्या खेळात आपण कच्चे आहोत तो खेळ निवडला.

आपल्या गावात एखादं थोराड पोरगं जोर मारताना दिसलं, तर त्याला हिंदकेसरी आंदळकरांची गोष्ट जरूर सांगा. फक्त ती १९६० पाशी थांबवू नका. जाकार्ताचं सांगा, टोकियोत पदक का हुकलं तेही सांगा. आणि जत्रेच्या वर्गणीतला थोडा हिस्सा बाजूला काढून तालमीत एक गादी अंथरा. माती तशीच राहू द्या. तिच्या शेजारी गादीला जागा होईल.